लेसरची तरंगलांबी फिल्टरने बदलता येते का?

मॅडम, तुमच्या प्रश्नाचा आशय आधी येथे मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. धुळ्यातील तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ६३२.८ नॅनोमीटरचा एक हेलियम-निऑन लेसर आणि ५३२ नॅनोमीटरचे एक हिरवे मॉड्यूल आहे. एम.एस्सी.चे काही विद्यार्थी रावेर-यावलकडच्या केळी-बागायतदारांच्या घरचे आहेत आणि करपा पडलेल्या व निरोगी पानांतील हरितद्रव्याची प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकलेला मंद उजेड) निरनिराळ्या तरंगलांब्यांच्या प्रकाशात मोजावी, असे त्यांच्या मनात आहे. प्रत्येक तरंगलांबीसाठी स्वतंत्र लेसर घेणे परवडणारे नाही, तेव्हा वेगवेगळे ऑप्टिकल फिल्टर लावून एकच लेसर निळ्यापासून तांबड्यापर्यंत ट्यून करता येईल का आणि त्यासाठी कोणते फिल्टर मागवावेत, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्याकडील दोन्ही लेसरांपुरते बोलायचे तर ते शक्य नाही. परंतु फिल्टरने लेसर ट्यून होतच नाही असा याचा अर्थ घेऊ नये, कारण अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या प्रयोगशाळांत हेच केले जात आहे आणि माझी उमेदीची वर्षेही डाय लेसर व डायोड लेसर जुळवण्यातच गेली. प्रश्न फिल्टर कोणता हा नसून लेसरच्या माध्यमात कोणत्या तरंगलांब्या मुळात उपलब्ध आहेत आणि फिल्टर कोठे बसवला आहे, हा आहे. फिल्टर प्रकाशाचा रंग बदलत नाही. आलेल्या प्रकाशातला काही भाग तो जाऊ देतो आणि उरलेला परतवतो किंवा शोषून घेतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हा न्याय येथे अक्षरशः लागू पडतो.

आता आडात काय आहे ते पाहू. हेलियम-निऑनच्या ६३२.८ नॅनोमीटरच्या रेषेची वर्धन-रुंदी, म्हणजे माध्यम ज्या पट्ट्यातला प्रकाश वाढवू शकते त्याची रुंदी, सुमारे १.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ०.००२ नॅनोमीटर असते. तिच्या आत तुम्ही कितीही बारीक निवड केली तरी डोळ्याला रंग तोच दिसणार. निऑनच्या अणूत ५४३.५, ५९४.१, ६०४ आणि ६११.९ नॅनोमीटरच्याही लेसर-रेषा आहेत. पण त्या दुबळ्या असतात आणि तुमच्या नळीच्या टोकांवरील आरसे ६३२.८ साठीच लेपलेले व नळीलाच कायमचे जोडलेले असल्याने त्या रेषांना तेथे वाव मिळत नाही. हिरव्या मॉड्यूलची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यात ८०८ नॅनोमीटरचा डायोड निओडिमियमच्या स्फटिकाला पंप करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो आणि केटीपीचा दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटर देतो. निओडिमियमची ती रेषाही एका नॅनोमीटरपेक्षा अरुंद असते, त्यामुळे या साखळीत निळा किंवा तांबडा यायला मुळात जागाच नाही.

याच्या उलट टोकाला डाय लेसर आहेत. १९६६ साली अमेरिकेत सोरोकिन व लँकार्ड यांनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीत शेफर यांच्या गटाने रंगद्रव्याच्या द्रावणातून लेसर मिळवला. पुढच्याच वर्षी सॉफर व मॅकफार्लंड यांनी एका आरशाच्या जागी ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांनी रंग वेगळे करणारा पृष्ठभाग) बसवून तो हवा तसा ट्यून करून दाखवला. ऱ्होडामिन ६जी हे एकच रंगद्रव्य साधारण ५६० ते ६२० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे पोपटी-पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत चालते. पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये पुढे आणलेला टायटेनियम-सफायर तर सुमारे ६५० ते ११०० नॅनोमीटर एवढा पट्टा व्यापतो, आणि व्यवहारात तेथे मर्यादा पडते ती बहुधा स्फटिकामुळे नव्हे तर आरशांच्या लेपामुळे. अर्धवाहक डायोड या दोहोंच्या मध्ये येतात. एका डायोडची वर्धन-रुंदी साधारण १० ते २० नॅनोमीटर असते. आर्गॉन आयन लेसरची तऱ्हा पुन्हा निराळी. त्यात सलग पट्टा नसतो, ४५७.९, ४७६.५, ४८८, ४९६.५, ५१४.५ अशा सुट्या रेषा असतात आणि कॅव्हिटीतील, म्हणजे लेसरच्या दोन आरशांमधल्या जागेतील, प्रिझम फिरवून त्यातली एकेक निवडतात.

फिल्टर कॅव्हिटीच्या आत आणि बाहेर ठेवण्यातला फरक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो, पण सारी मेख तेथेच आहे. समजा एखादा फिल्टर हव्या तरंगलांबीला पूर्ण वाट देतो आणि नको असलेल्या शेजारच्या तरंगलांबीचा एकदा आरपार जाताना फक्त २ टक्के प्रकाश अडवतो. हा फिल्टर लेसरच्या बाहेर ठेवला तर तो जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ९८ टक्के नको असलेला प्रकाश पलीकडे जाणारच. तोच फिल्टर दोन आरशांच्या मध्ये ठेवला की प्रकाश त्यातून जाताना एकदा आणि येताना एकदा जातो, म्हणजे प्रत्येक पूर्ण फेरीत सुमारे ४ टक्क्यांचा फटका बसतो. १५ सेंटीमीटरच्या कॅव्हिटीत एक फेरी एका नॅनोसेकंदात होते. अशा १०० फेऱ्यांनंतर, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, त्या शेजारणीचा वाटा हव्या तरंगलांबीच्या तुलनेत सुमारे साठाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय जी तरंगलांबी पुढे जाते ती माध्यमातील साठवलेली ऊर्जा स्वतःकडे ओढून घेते आणि वर्धन तिच्या स्वतःच्या तोट्याइतके होऊन स्थिरावते. मग जिचा तोटा थोडाही जास्त आहे, तिला लेसर होण्याचा उंबरठा ओलांडताच येत नाही. म्हणून आतला फिल्टर मऊ असला तरी चालतो, मात्र हव्या तरंगलांबीसाठी त्याचा स्वतःचा तोटा अगदी नगण्य असला पाहिजे. बाहेरच्या फिल्टरकडून नेमक्या उलट अपेक्षा असतात: त्याने थोडी शक्ती खाल्ली तरी हरकत नसते, पण नको असलेला प्रकाश त्याने हजार-लाख पटींनी दाबला पाहिजे.

ट्यूनिंगसाठी हाताशी असलेला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे पातळ थरांचा इंटरफेरन्स फिल्टर. तो बीमला काटकोनात धरला असता जी तरंगलांबी जाऊ देतो, तिच्यापेक्षा आखूड तरंगलांबी तो तिरका केल्यावर जाऊ देतो. तिरका करून लांब तरंगलांबीकडे कधीच सरकता येत नाही. हिशेब सोपा आहे: तिरपेपणाच्या कोनाच्या साइनला थरांच्या परिणामी अपवर्तनांकाने भागावे, त्याचा वर्ग १ मधून वजा करावा, वर्गमूळ घ्यावे आणि मूळ तरंगलांबीने गुणावे. परिणामी अपवर्तनांक २ धरला तर ६०० नॅनोमीटरचा फिल्टर २० अंशांना सुमारे ५९१ वर, ३० अंशांना ५८१ वर आणि ६० अंशांना ५४१ वर येतो. म्हणजे एकाच फिल्टरने जवळजवळ १० टक्के पट्टा झाडता येतो. मात्र कोन वाढला की ध्रुवीकरणाच्या दोन दिशांसाठी फिल्टरचा पट्टा वेगवेगळ्या जागी जातो आणि साध्या फिल्टरचा आकारच बिघडतो. मोठ्या कोनांसाठी खास घडवलेले फिल्टर मिळतात, आणि ते नसतील तर मी १५-२० अंशांच्या पुढे जाण्याचा सल्ला देत नाही. बीम आधी ध्रुवीकृत करून घेणे हा या त्रासावरचा अर्धा इलाज आहे.

हा फिल्टर नको असलेला प्रकाश शोषत नाही, परावर्तित करतो. तो २० अंश फिरवला की परतलेला बीम ४० अंश फिरतो आणि टेबलावर कोणाच्याही ध्यानीमनी नसलेल्या दिशेला जातो. माउंट हाताने फिरवत असलेला विद्यार्थी समोरच्या स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्याकडे पाहत असतो आणि बीम मात्र शेजारी वही घेऊन बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फिरत असतो. त्यामुळे फिल्टर कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत फिरणार आहे ते आधी ठरवावे, परतीचा बीम त्या सबंध पल्ल्यात कोठे कोठे जाईल ते कागदावर काढावे आणि तेवढ्या भागात काळा रंग दिलेल्या पत्र्याची भिंत उभी करावी. हे काम लेसर सुरू करण्यापूर्वीचे आहे.

डाय आणि टायटेनियम-सफायर लेसरांत मात्र बहुधा बायरेफ्रिंजंट फिल्टर वापरतात. बर्नार्ड ल्यो यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी १९३३ च्या सुमारास मांडलेल्या फिल्टरचाच हा वंशज आहे. यात क्वार्ट्झची पातळ चकती बीममध्ये ब्रूस्टर कोनात, म्हणजे सुमारे ५७ अंशांवर उभी करतात, त्यामुळे योग्य ध्रुवीकरणाच्या प्रकाशाला तिच्या पृष्ठभागांवर परावर्तनाचा तोटा होत नाही आणि लेपाचीही गरज राहत नाही. चकतीत शिरलेल्या प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात. ज्या तरंगलांबीसाठी त्यांच्यातला फरक पूर्ण तरंगलांबीच्या पटीत येतो, ती मूळ ध्रुवीकरण घेऊनच बाहेर पडते. बाकीच्यांचे ध्रुवीकरण लंबवर्तुळी होते आणि पुढच्या ब्रूस्टर पृष्ठभागावर त्यांचा थोडा प्रकाश गळतो. ही गळती थोडीच असते, पण वर सांगितल्याप्रमाणे कॅव्हिटीच्या आत थोडीच पुरते. चकती तिच्या स्वतःच्या लंब अक्षाभोवती फिरवली की तरंगलांबी सरकते, बीमची दिशा मात्र हलत नाही, आणि ट्यून करताना आरसे पुन्हा जुळवावे लागत नाहीत. एकच चकती असेल तर तिच्या पट्ट्यांमधले अंतर आणि पट्ट्याची रुंदी यांचा मेळ बसत नाही. म्हणून १:२:४ किंवा १:४:१६ अशा जाडीच्या चकत्या एकामागे एक ठेवतात. जाड चकती पट्टा अरुंद करते आणि पातळ चकती शेजारच्या पट्ट्यावर उडी जाऊ देत नाही. माझ्या मते ट्यूनिंगसाठी मानवाने शोधलेल्या साधनांत इतके सुटसुटीत आणि टिकाऊ दुसरे नाही, पण उघड्या कॅव्हिटीचा लेसर हाती असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

यापेक्षा बारीक निवड हवी असेल तर एटॅलॉन येतो. फॅब्री आणि पेरो यांनी १८९९ साली मांडलेल्या व्यतिकरणमापकाचेच हे घन रूप आहे: दोन समांतर पृष्ठभागांची काचेची किंवा फ्यूज्ड सिलिकाची पातळ पट्टी. अर्धा मिलिमीटर जाडीची, १.४५ अपवर्तनांकाची पट्टी घेतली तर तिच्या लागोपाठच्या दोन शिखरांमध्ये सुमारे २०७ गिगाहर्ट्झचे, म्हणजे ६०० नॅनोमीटरच्या आसपास पाव नॅनोमीटरचे अंतर असते. ही पट्टी १ अंश तिरकी केली की शिखर साधारण ३६ गिगाहर्ट्झ सरकते. सरकणे कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुमारे २.४ अंशांवर मूळ शिखराच्या जागी शेजारचे शिखर येऊन बसते. म्हणजे त्यापुढे फिरवण्यात नवे काही मिळत नाही, उलट तिरप्या पट्टीत एकामागून एक परतणारे किरण एकमेकांपासून बाजूला सरकत गेल्याने शक्ती मात्र घटत जाते. पट्टी अगदी काटकोनात ठेवणेही चुकीचे, कारण मग ती स्वतःच एक आरसा बनते आणि लेसर मूळ आरसा सोडून तिच्याशी जुळू पाहतो. परतीचा ठिपका मूळ बीमवरून जेमतेम बाजूला पडेल इतपत तिरपेपणापासून सुरुवात करावी आणि तेथून पुढे अर्ध्या-पाऊण अंशाच्या पल्ल्यात खेळावे.

क्रम नेहमी ढोबळाकडून बारकाव्याकडे असतो. बायरेफ्रिंजंट फिल्टरने दशांश नॅनोमीटरपर्यंत आणावे, पातळ एटॅलॉनने एक शिखर वेगळे करावे, जरूर पडल्यास जाड एटॅलॉनने कॅव्हिटीचा एकच मोड (आरशांच्या अंतरात नेमकी बसणारी एक वारंवारता) उरवावा आणि शेवटचे सूक्ष्म सरकवणे आरशामागच्या पिझोने, म्हणजे विद्युतदाबाने किंचित लांबणाऱ्या स्फटिकाने, करावे. जवळजवळ सारख्या अंतराचे दोन एटॅलॉन एकत्र वापरण्याची एक युक्तीही प्रचलित आहे. एकाची शिखरे दर १०० गिगाहर्ट्झवर आणि दुसऱ्याची दर १०५ वर असतील तर दोन्हींची शिखरे जुळतात ती थेट २१०० गिगाहर्ट्झनंतर, आणि त्यातला एक किंचित हलवला की जुळणीची जागा मोठी उडी घेते. फायबर दूरसंचारातील ट्यून होणारे अनेक लेसर याच व्हर्नियर तत्त्वावर चालतात.

एटॅलॉनचा विषय निघाला की खानदेशात उन्हाळ्याचा विषय निघणारच. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो आणि त्यामुळे ६०० नॅनोमीटरजवळ एटॅलॉनचे शिखर दर अंश सेल्सिअसला सुमारे साडेतीन गिगाहर्ट्झ सरकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि दुपारी वीज गेली की प्रयोगशाळेचा एसी बंद पडून खोली पाहता पाहता २८ वरून ४० च्या पुढे जाते, म्हणजे शिखर ४०-५० गिगाहर्ट्झ सरकले. कोन जसाच्या तसा, स्क्रूला कोणी हात लावलेला नाही, तरी लेसर दुसऱ्याच मोडवर गेलेला दिसतो आणि दोष अलाइनमेंटला दिला जातो. डायोडचे याहून वाईट: तांबड्या डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.२ नॅनोमीटर वाढते, त्यामुळे तापमान-नियंत्रणाशिवाय डायोड ट्यून करणे हा वेळेचा अपव्यय आहे. अशी कामे आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तीही सकाळच्या वेळी करावीत, असे मी कोणालाही सांगतो.

स्वतःच्या हातांनी लेसर ट्यून करून पाहायचाच असेल, तर महाविद्यालयाला झेपेल असा मार्ग बाह्य कॅव्हिटीच्या डायोडचा आहे. डायोडच्या पुढे भिंग, त्यापुढे ०.३ नॅनोमीटरच्या आसपास रुंदीचा इंटरफेरन्स फिल्टर, मग दुसरे भिंग आणि त्याच्या नाभीशी अंशतः परावर्तक आरसा, अशी ही मांडणी असते. पॅरिसच्या वेधशाळेतील गटाने २००६ साली ती अणुघड्याळांच्या कामासाठी सविस्तर मांडल्यापासून ती चांगलीच रुळली. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, फिल्टरच्या जागी ग्रेटिंग वापरले जाते. दोहोंतला फरक आकड्यांत पाहावा. ७८० नॅनोमीटरवर, मिलिमीटरला १२०० रेषांचे ग्रेटिंग एक मिलिरेडियन हलले तर तरंगलांबी जवळजवळ दीड नॅनोमीटर सरकते. ६ अंश तिरका असलेला फिल्टर तेवढाच हलला तर ती ०.०२ नॅनोमीटर सरकते. म्हणजे टेबलाच्या कंपनाला आणि माउंटच्या ढिलेपणाला फिल्टरची मांडणी सत्तर पटींनी कमी दाद देते. शिवाय तरंगलांबी निवडण्याचे काम फिल्टरकडे आणि प्रकाश परत पाठवण्याचे काम आरशाकडे अशी विभागणी झाल्याने एक जुळवताना दुसरे बिघडत नाही. शेजारच्या रस्त्यावरून मालट्रकांची रहदारी असलेल्या इमारतीत हा फायदा फार मोलाचा आहे. पण यातूनही मिळणार तो त्या डायोडचा दहाएक नॅनोमीटरचाच पट्टा; तांबड्याचा निळा होणार नाही.

निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा सगळा पट्टा एकाच यंत्रातून हवा असेल तर स्रोतातच तो सगळा असावा लागतो आणि मग फिल्टर बाहेर ठेवून चालते. सुपरकंटिन्यूअम लेसर ही अशी गोष्ट आहे: खास फायबरमधून अतिलघु स्पंद पाठवून पांढरा लेसर-प्रकाश तयार करतात आणि टेल्युरियम डायऑक्साइडच्या स्फटिकाचा ध्वनि-प्रकाशीय फिल्टर त्यातून हवी ती तरंगलांबी उचलतो. येथे फिरणारा भाग काहीच नसतो. स्फटिकाला दिलेली रेडिओ वारंवारता बदलली की काही मायक्रोसेकंदांत तरंगलांबी बदलते, आणि एकाच वेळी अनेक वारंवारता दिल्या तर अनेक रंग एकत्रही बाहेर काढता येतात. उपकरण उत्तम आहे, पण महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात ते बसणारे नाही. द्रवस्फटिकांचे ट्यून होणारे फिल्टरही मिळतात, त्यांची गती कमी आणि प्रकाशाची गळती जास्त. दोनच रेषा देणारा स्रोत असेल तर काम आणखी सोपे होते. तांब्याच्या वाफेचा लेसर ५१०.६ आणि ५७८.२ नॅनोमीटर एकाच वेळी देतो आणि एक साधा डायक्रोइक आरसा त्यांची फारकत करतो. तुमच्या धुळ्याहून आग्रा रोडने इंदूरला गेले की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागते. असे लेसर भारतात ज्या ठिकाणी घडवले गेले, त्यांतले ते एक.

आता तुमच्या पानांकडे वळतो. माझे स्पष्ट मत असे की या प्रयोगाला ट्यून होणाऱ्या लेसरची गरज नाही. हरितद्रव्याचे शोषण निळ्यात ४३० ते ४५५ आणि तांबड्यात ६४० ते ६६५ नॅनोमीटरच्या आसपास जास्त असते आणि उत्सर्जन मात्र, उत्तेजन कोणत्याही रंगाने करा, ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या सुमारासच मिळते. तेव्हा ४५० नॅनोमीटरचा एक कमी शक्तीचा डायोड किंवा एलईडी घ्यावा, हातातले ५३२ आणि ६३२.८ वापरावेत आणि पैसा फिल्टरवर खर्च करायचाच तर तो डिटेक्टरच्या बाजूच्या फिल्टरवर करावा. पानावरून विखुरणारा मूळ लेसर-प्रकाश प्रतिदीप्तीपेक्षा कित्येक पटींनी प्रखर असतो. तो अडवण्यासाठी ६६० नॅनोमीटरच्या जवळपास सुरू होणारा आणि ६३२.८ ला किमान ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) ५, म्हणजे एक लाखांशाहून कमी प्रकाश जाऊ देणारा लाँगपास फिल्टर हवा. तो डिटेक्टरसमोर भिंगाने समांतर केलेल्या प्रकाशातच ठेवावा. पानाजवळ ठेवला तर सर्व कोनांतून येणारा प्रकाश त्यावर पडतो, तिरप्या किरणांसाठी फिल्टरची कड आखूड तरंगलांबीकडे सरकते आणि ६३२.८ चा काही प्रकाश तिरकस वाटेने आत शिरतो.

एलईडी वापरला तर त्याची रुंदी २० नॅनोमीटरच्या घरात असते आणि तिच्या शेपटीत तांबड्या भागातला किंचित प्रकाशही असू शकतो; म्हणून त्याच्यापुढे १० नॅनोमीटर रुंदीचा बँडपास फिल्टर लावावा. हिरव्या मॉड्यूलमध्येही हेच पाहावे लागते. स्वस्त मॉड्यूलांत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर पुष्कळदा नसतो. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण सिलिकॉन डिटेक्टरला दिसतो, आणि तुमचा लाँगपास फिल्टर त्याला आनंदाने वाट देतो. हिरव्या उत्तेजनात प्रतिदीप्ती अनपेक्षित जास्त दिसली तर पानाच्या जागी पांढरा पुठ्ठा ठेवून पाहावे. संकेत कायम राहिला तर तो हरितद्रव्याचा नाही हे उघड आहे.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी सांगतो. उत्सर्जनाची निव्वळ तीव्रता पानाच्या कोनानुसार बदलते, म्हणून ६८५ आणि ७४० यांचे गुणोत्तर घ्यावे. पानात हरितद्रव्य भरपूर असेल तर ६८५ चा प्रकाश पानातच पुन्हा शोषला जातो आणि गुणोत्तर कमी येते. करप्याने हरितद्रव्य घटलेल्या भागात ते वाढते. दुसरे म्हणजे, अंधारातून उजेडात आणलेल्या पानाची प्रतिदीप्ती आधी झपाट्याने चढते आणि मग काही मिनिटांत उतरते. काउट्स्की यांनी १९३१ मध्ये नोंदवलेला हा परिणाम दुर्लक्षिला तर निळ्या आणि तांबड्या उत्तेजनातला फरक म्हणून तुम्ही प्रत्यक्षात पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीतला फरक छापाल. प्रत्येक तरंगलांबीपूर्वी पान तेवढाच वेळ, साधारण २० मिनिटे, अंधारात ठेवावे.

विद्यार्थ्यांना फिल्टरचे सरकणे डोळ्यांनी दाखवायचे असेल तर टॉर्चचा पांढरा प्रकाश फटीतून काढून, समांतर करून, १० नॅनोमीटरच्या बँडपास फिल्टरमधून नेऊन मिलिमीटरला ६०० रेषांच्या ग्रेटिंगवर पाडावा आणि एक मीटरवर पडदा लावावा. हेलियम-निऑनचा ठिपका मध्यापासून ४१ सेंटीमीटरवर येतो, तो खूण म्हणून धरावा. तेथे एक नॅनोमीटर म्हणजे पडद्यावर पाऊण मिलिमीटर. फिल्टर तिरका करत गेले की तांबडी पट्टी मध्याकडे सरकताना दिसते आणि वर दिलेले सूत्र फुटपट्टीने पडताळता येते. एटॅलॉनचे सरकणे मात्र या मांडणीत दिसणार नाही.

चष्म्यांचा उल्लेख राहू नये. लेसरचा संरक्षक चष्माही एक फिल्टरच आहे आणि तो ठरावीक तरंगलांबीसाठीच असतो; ५३२ चा नारिंगी चष्मा ६३२.८ चा प्रकाश जवळजवळ तसाच आत सोडतो. तुम्ही तीन तरंगलांब्या वापरणार असाल तर प्रत्येकीसाठी चष्म्यावर छापलेला ओडी तपासावा आणि ५ मिलिवॉटच्या वरच्या कोणत्याही स्रोताजवळ चष्म्याशिवाय कोणाला उभे राहू देऊ नये. रंगीत जिलेटिनचा कागद या कामाला चालत नाही.

फिल्टर मागवताना पुरवठादाराला नुसती तरंगलांबी सांगू नये. मध्य-तरंगलांबी, अर्ध्या उंचीवरची रुंदी, ज्या तरंगलांब्या अडवायच्या आहेत तेथील ओडी, आपाती कोन आणि ध्रुवीकरण, एवढे लिहून द्यावे. तिरका करून ट्यून करायचा फिल्टर नेहमी हव्या पट्ट्याच्या लांब टोकाच्या तरंगलांबीचा मागवावा, कारण त्याला सरकता येते ते एकाच दिशेने. आणि कड्या लेपाचाच फिल्टर हवा असे स्पष्ट लिहावे. जुन्या पद्धतीच्या मऊ लेपात पावसाळ्यात दमट हवा शिरते, पट्टा सरकतो आणि कडेपासून आत डाग पसरत जातात. फिल्टर आल्यावर तो सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा, धूळ आधी हवेच्या फुग्याने उडवावी आणि मगच लेन्स टिश्यूला हात घालावा.